तिथं मला कुणी ओळखत नव्हतं

२६ जानेवारी २०२५ चा कोल्डप्ले या बँडचा अहमदाबादचा कार्यक्रम आमच्या घरातल्या दोघांनी पाहिला. मी मोटेराच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये, वरच्या मजल्यावर, एक लाखाहून जास्त माणसांत. मामाने तळासरी तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर, ओट्यावर बसून, फोनमध्ये. त्या दिवशीचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवत होते आणि आमच्याकडे रेंज ओट्याच्या एकाच कोपऱ्यात येते, तिथं तो शेवटपर्यंत बसून राहिला.

मामा निवृत्त शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळांत, डहाणू आणि तळासरी या दोन तालुक्यांत, त्याची सगळी नोकरी झाली. तरुणपणी त्याला तारप्याचा, आमच्याकडच्या फुंकून वाजवायच्या वाद्याचा, नाद होता, आणि तो नाद मला अहमदाबादला घेऊन गेलेल्या नादापेक्षा तसूभरही कमी नव्हता. मी वापीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दोन नादी माणसांचं एकमेकांशी पटायला हवं होतं. पटलं नाही. त्या रात्रीनंतर लग्न असो, भाताची लावणी असो, आम्ही भेटलो की हा विषय निघतो, आणि तो निघावा असं मलाच वाटतं. आवडत्या गाण्याजवळ माणूस आपल्या पायांनी का जातो, हे मला एकटीला नीट सांगता येत नाही. मामा समोर असला की येतं.

मामा : मी तुझ्यापेक्षा जवळून पाहिलं. गाणाऱ्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. तुला काय दिसलं?

मी : एक ठिपका. आणि ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना मोठे गोल पडदे.

मामा : म्हणजे तूही पडद्यावरच पाहिलंस. मग वापीला गाडी धरून एवढ्या लांब गेलीस कशाला? तिकीट वेगळं, राहायचं वेगळं.

मी : पाहायला गेलेच नव्हते मामा. त्या चौघांचे चेहरे मला पाठ आहेत. ख्रिस मार्टिन पियानोवर कसा वाकतो, जॉनी बकलंड मान खाली घालून गिटार कसा वाजवतो, गाय बेरीमन कुठं उभा राहतो, विल चॅम्पियन ड्रमच्या मागून कसा गातो, सगळं फोनवर बघून झालेलं. 'यलो' हे त्यांचं गाणं २००० सालचं, माझ्या जन्माच्या आधीचं. डहाणूच्या वसतिगृहात मैत्रिणीच्या फोनवर पहिल्यांदा ऐकलं. ते गाणं कानात घालून मी परीक्षा दिल्या, नोकरीच्या मुलाखतीला गेले, आजी गेली त्या रात्री जागी राहिले. पण इतकी वर्षं ते इअरफोनमध्ये होतं. माझं एकटीचं. ते आणखी कुणाचं आहे का, ते मला बघायचं होतं.

मामा : इंग्रजी कळायचं तुला तेव्हा?

मी : अर्धंमुर्धं. तारप्याला कुठं शब्द आहेत?

मामा : तारप्याला चाळे आहेत.

(बाहेरच्या वाचकासाठी सांगते. चाळा म्हणजे तारप्याची एक धून आणि त्या धुनेवर पडणारी पावलं, दोन्ही मिळून. देवांचा चाळा वेगळा, मोराचा वेगळा. धून बदलली की सगळ्या रांगेची पावलं बदलतात. कुणी कुणाला सांगत नाही.)

मामा : ऐक आता. आमच्या वेळी तारपा वर्षभर वाजत नसे. भात पिकलं, नवं धान्य देवाला दाखवलं, की तो खाली काढायचा. मग वाघबारस, दिवाळी होईपर्यंत रात्री रात्री नाच. त्याआधी तारप्याला हात लावायचा नाही, असं म्हातारे सांगत. उधवा गावाच्या बाजूला एक म्हातारा तारपेवाला होता. त्याचा तारपा जवळजवळ त्याच्याएवढा लांब. सुक्या दुधी भोपळ्याचं पोट, बांबूच्या दोन नळ्या, पुढं ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणानं बुजवलेले. सगळं त्यानं स्वतः केलेलं. आणि सूर तुटायचा नाही. गालात हवा धरून ठेवायची, नाकानं नवी आत घ्यायची, तोंडातली बाहेर जातच राहायची. ताडी प्यायला थांबेल तेवढाच खंड. मी दिवसभर शाळा करून रात्री नदी ओलांडून चालत जायचो त्याच्यासाठी. पहाटे परत, आंघोळ, आणि पुन्हा वर्गावर.

मी : म्हणजे तूही लांब गेलासच की.

मामा : गेलो. पण तो आमच्यामध्ये उभा असायचा. तो वळला की आमची रांग वळायची. रांगेच्या तोंडाला घोळकाठी घेतलेला गडी, तो काठी जमिनीवर आपटून ठेका धरायचा. आमचे पाय जड झाले की म्हाताऱ्याला कळायचं आणि तो चाळा बदलायचा. पोरं रंगात आली की तोच चाळा लांबवायचा. तो आम्हाला नाचवत होता आणि आम्ही त्याला वाजवत होतो. तुझ्या गाणाऱ्यानं तुझ्यासाठी काय बदललं?

मामाचं हे म्हणणं डोळ्यांनी बघायचं असेल तर चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं तारपा नाचाचं चित्र पाहावं. म्हसे जन्मानं आमच्याच तालुक्यातले, धामणगावचे. पुढचं आयुष्य डहाणू तालुक्यात गेलं. २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रात नाचणाऱ्यांची साखळी एकात एक गुंडाळत जाते आणि वाजवणारा त्या गुंडाळीच्या आत असतो. मंच नाही. पुढची रांग नाही, मागची रांग नाही. ते चित्र आता सरकारी कार्यालयांच्या भिंतींवर आणि चादरींवर छापलेलं दिसतं, पण त्यात बघणारा म्हणून वेगळा माणूस काढलेलाच नाही, हे माझ्या लक्षात मामाच्या या बोलण्यानंतर आलं. मामाची बाजू इतकी भक्कम आहे, हे कबूल करूनच मला पुढं बोलावं लागतं.

मी : माझ्यासाठी काही बदललं नाही. त्यांच्या दौऱ्यात गाण्यांचा क्रम बहुतेक ठरलेला असतो, दिवे ठरलेले, कागदाचे तुकडे कधी उडवायचे तेही ठरलेलं. 'अ स्काय फुल ऑफ स्टार्स' मध्येच थांबवतात आणि सांगतात, आता एका गाण्यापुरते फोन खिशात ठेवा. हेही गावोगाव करतात. मला आधीपासून माहीत होतं.

मामा : हो, ते सांगत होता तो. आणि मी फोनमध्येच बघत होतो. म्हणजे मी काय करायचं होतं?

मी : तू तिथं यायचं होतं. ऐक ना. थांबणार हे मला माहीत होतं, तरी तो थांबला तेव्हा छातीत धडधडलं. आजूबाजूचे सगळे उजेड एकदम विझले. हातात काही उरलं नाही. आणि मग तेच गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा सगळं स्टेडियम उडालं. तुझा म्हातारा देवांचा चाळा दरवर्षी वाजवायचा ना? पुढं काय येणार ते तुला ठाऊक नव्हतं का? मग तुला कंटाळा यायचा?

मामा : कंटाळा कसला. तेवढ्याचसाठी तर जायचो.

मी : मग?

मामा : मग काही नाही. हे तुझं खरं. पण मनगटावर ते दिव्याचं कडं बांधलं होतं सगळ्यांच्या, त्याचं काय? सगळं मैदान एका वेळी लाल, एका वेळी पिवळं. मला आधी वाटलं तुम्हीच काही करताय. मग कळलं, दूर बसून कुणीतरी बटण दाबतो. तुझा हात लाल झाला तो तुझ्या मनानं झाला नाही.

मी : घोळकाठी आपटली की तुझा पाय पडायचा, तो तरी तुझ्या मनानं पडायचा का?

मामा : माझा पाय चुकू शकत होता. तुझा दिवा चुकू शकत नाही.

हे मामाचं सगळ्यात भारी वाक्य. त्यावर मी खूप विचार केला आहे. ती कडी निघताना परत द्यायची असतात, पुढच्या गावात दुसऱ्या कुणाच्या मनगटावर तीच पेटतात. जो पिवळा रंग माझ्या हातावर उजळला त्यात माझं काही नव्हतं, हे बरोबर. पण वरच्या मजल्यावर मी जिथं उभी होते तिथून मंच दूर होता आणि ते दिवे जवळ होते. समोर पसरलेले लाखभर ठिपके बघताना मला एकच गोष्ट समजत होती, की प्रत्येक ठिपक्याखाली एक माणूस आहे आणि तो हेच गाणं आपल्या खोलीत एकट्यानं ऐकत आलेला आहे. इअरफोनमधल्या इतक्या एकट्या माणसांची मोजदाद दुसऱ्या कुठल्या रीतीनं करता आली असती, ते मला माहीत नाही.

मामा : आमच्या रिंगणात मोजायची गरज नव्हती. आणि तिकिटाचे वर्गही नव्हते.

मी : तिकिटाचं मी काही बोलणार नाही. मुंबईची तिकिटं २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी बाराला निघाली. ₹२,५०० पासून ₹३५,००० पर्यंत. मला एकही मिळालं नाही. तीच तिकिटं नंतर लाखांत विकायला निघाली होती. अहमदाबादचं मिळालं ते सगळ्यात वरचं, सगळ्यात स्वस्त. खाली मैदानात उभं राहणारे वेगळे, खुर्चीवाले वेगळे. हे मला आवडलं नाही आणि त्याची बाजू मी घेणार नाही. पण पैसे माझे होते, मामा. माझ्या पगाराचे. मी घरात कुणाकडे मागितले नाहीत.

मामा : पैशावरून मी तुला बोललो नाही. बोलणारही नाही. तुझी आई बोलली.

मी : माहीत आहे.

मामा : मला दुसरं विचारायचंय. तिथं तुला कोण ओळखत होतं?

मी : कुणी नाही. आणि तेच मला हवं होतं. इथं मी शेवटच्या जीपनं उशिरा आले तरी चार जण विचारतात, कुणाची पोर, एवढा उशीर का. हळदीला जरा नाचले की दुसऱ्या दिवशी आईच्या कानावर. वसतिगृहात मी आदिवासी कोट्यातली, कंपनीत मी तळासरीची. गाण्याच्या आधी प्रत्येक ठिकाणी मी कुणीतरी असतेच. तिथं माझ्या डाव्या बाजूला सुरतेची एक बाई होती, तिच्या मुलाबरोबर. उजवीकडे पुण्याची दोन पोरं. कुणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. 'फिक्स यू' सुरू झालं तेव्हा त्या बाईला रडू फुटलं आणि तिनं माझा हात धरला. का रडते ते मी विचारलं नाही. तिला सगळे शब्द येत होते, मलाही येत होते. तेवढी ओळख पुरली.

मामा : मला नसती पुरली. रिंगणात माझ्या कमरेला ज्याचा हात असायचा तो कोण, ते मला माहीत असायचं. त्याच्या घरी मयत झालेलं असेल तर तेही माहीत असायचं. तो रडला तर का रडला, हे विचारावं लागत नव्हतं. ती बाई घरी गेली. तिचं दुःख काय होतं, ते सुटलं की नाही, तुला कधी कळणार?

मी : कधीच नाही.

मामा : मग तो हात कशाचा?

मी : त्या चार मिनिटांचा. मामा, सगळे हात जन्मभराचे असावेत असं का? आणि ज्याच्याशी बोलणं बंद असायचं, त्याच्याही कमरेत हात घालायचास का तू?

मामा : घालायचो. बांधाचं भांडण बांधावर. नाचात ते आणलं तर म्हातारा वाजवणं थांबवायचा.

(हे मला नवीन होतं. असं थांबणं मोटेरात शक्य नाही.)

मी : आणि रिंगणात मुली?

मामा : मुली बरोबरीनं. एक बाई, एक गडी, असेच उभे राहायचो. त्यात कुणाला काही वाटत नसे. तुमच्या शहरातल्या लोकांना आमचं हे बघून काय काय वाटायचं, त्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली.

मी : नाचात बरोबरी होती, ते खरं. पण तारपा वाजवणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही. तू पाहिलीस?

मामा : नाही.

मी : मला लहानपणी वाजवून बघायचा होता. आजोबांनी हातातून काढून घेतला. गिटार मात्र वसतिगृहात कुणीही माझ्या हातातून काढून घेतली नाही. तू म्हणतोस रिंगणात सगळे आत होते. सगळे आत होते, पण मधली जागा ठरावीक माणसांची होती.

मामा या ठिकाणी उठून आत जातो, पाणी पितो, परत येतो. तो दरवेळी असंच करतो. मी ते टाळाटाळ समजत नाही. शिक्षक माणूस आहे, उत्तर नसेल तर वर्गासमोर काहीतरी ठोकून देण्यापेक्षा पाणी पिणं त्याला बरं वाटतं.

परत आला की तो नेहमी वसईच्या किल्ल्याचं काढतो. कोल्डप्लेच्या 'हिम फॉर द वीकेंड' या गाण्याचं चित्रण आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या या किल्ल्यातही झालेलं आहे. गाण्याचा व्हिडिओ २०१६ च्या सुरुवातीला आला. मामाचं म्हणणं, इथवर आले आणि त्यांना रंग, साधू आणि मोरपिसंच दिसली. तेव्हा भारतात पुष्कळ लोकांनी हीच टीका केली होती आणि मला ती मान्य आहे. बँड आवडतो म्हणजे त्याचं सगळं आवडतं असं नाही. २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की दौऱ्यांनी पृथ्वीचं नुकसान होतं म्हणून तूर्त दौरा करणार नाही, आणि मग २०२२ मध्ये निघाले ते उड्या मारून वीज करणारी जमीन आणि पायडल मारून बॅटरी भरणाऱ्या सायकली घेऊन. मला त्याचं कौतुक वाटतं. मामा विचारतो, ऐकायला आलेली माणसं विमानानं आली ना? आली. पश्चिम रेल्वेनंही खास गाड्या सोडल्या होत्या, हे मी सांगते, पण त्यानं विमानं कमी होत नाहीत.

यापेक्षा मला जमिनीची गोष्ट महत्त्वाची वाटते.

मी : 'विवा ला विदा' चालू होतं तेव्हा पायाखालचं काँक्रीट हललं. खरंच हललं. सगळ्या मजल्याच्या उड्या एका ठेक्यावर पडत होत्या.

मामा : आणि तुला बरं वाटलं?

मी : पहिल्या क्षणी धुंदलवाडी आठवली.

मामा : आठवणारच.

(नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तळासरीत धक्के बसायला लागले. धुंदलवाडीच्या आसपासची गावं थंडीच्या रात्री घराबाहेर झोपली, सरकारनं तंबू दिले. शाळा बाहेर भरल्या. भांडं वाजलं तरी अजून आमच्याकडे माणसं दाराकडे बघतात.)

मी : माझ्या आजूबाजूला कुणाला काही झालं नाही. ते हसत होते. मी एकटी जिन्याकडे बघत होते. मग समजलं, की ही जमीन आम्हीच हलवतोय. मामा, २०१८ पासून जमीन आपल्याला हलवत आलीय. माणसांनी मिळून ती हलवली, हे मी पहिल्यांदा अनुभवलं. अमेरिकेत सिएटलला २०२३ मध्ये टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमात भूकंपमापकावर २.३ तीव्रतेच्या धक्क्याएवढी नोंद झाली होती. ते मी वाचलं होतं. वाचलेलं पायाला कळत नाही.

मामा : हे तू त्या रात्रीच का सांगितलं नाहीस?

मी : तू घामाचं बोलत होतास.

मामा : घोळकाठी पडायची आणि साठसत्तर पावलं एकदम पडायची, तेव्हा अंगणातली माती हलायची. मेढीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना पाठीत कळायचं, असं ते सांगायचे. बरं. हे मला पटलं. फोनमधून हे आलं नाही.

इथं आमचा वाद मिटला असता. पण मग तो लग्नातल्या बँडवर येतो, आणि तिथं माझंही रक्त तापतं. आमच्या बाजूला, आच्छाडपासून खाली चारोटीपर्यंत आणि पलीकडे गुजरातेतही, हळदीच्या रात्री आता बँड असतो. पिकअप गाडीवर मोठे स्पीकर, कॅसिओ, ऑक्टोपॅड, एक गाणारा. त्यातल्या कॅसिओवर तारप्याच्या धुना वाजतात. अमुक बँड अमुक पाड्यावर येणार हे कळलं की आमंत्रण नसलेली पोरं मोटरसायकली काढून जातात, रात्रभर नाचतात, त्या बँडचं नाव टी-शर्टवर छापून घेतात. माझे चुलतभाऊ जातात.

मी : ती पोरं म्हणजे तूच आहेस. तू नदी ओलांडून जायचास, ती मोटरसायकलवर जातात.

मामा : एवढाच फरक असता तर मला दुःख नव्हतं. कॅसिओला श्वास लागत नाही. बोट ठेवलं की सूर, काढलं की बंद. तो दमत नाही, म्हणून पोरं कधी दमली ते त्याला कळत नाही. आणि आवाज एवढा की शेजारच्या माणसाचा पाय ऐकू येत नाही.

मी : पण त्या पोरांना मोराचा चाळा ओळखता येतो. कॅसिओमुळे येतो. तुझ्या शाळेत शिकलेली पोरं ती, तुझ्या शाळेत कुणी तारपा शिकवला? तू शिकवलास? तू रात्री नाचायचास आणि सकाळी फळ्यासमोर उभा राहून बालभारती शिकवायचास.

मामा : तेव्हा तशी पद्धत नव्हती. साहेब आले तर काय सांगणार होतो? आता आहे पद्धत. आता साहेबच बोलावतात. कार्यक्रम असला की तारपा पार्टी मागवतात. सगळ्यांना एकसारखे कपडे. रिंगण उघडून सरळ रांग करायला लावतात, का, तर पाहुण्यांना पाठ दिसू नये. दहा मिनिटं. मग टाळ्या. तारपेवाला माणसांकडे तोंड करून उभा राहतो आणि नाचणाऱ्यांकडे त्याची पाठ. हे मला बघवत नाही. तुझ्या स्टेडियमचं आम्ही छोटं रूप केलं.

मी : त्याच मंचांमुळे तारपा ऐकू तरी गेला. जव्हारच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा, नव्वदीच्या घरातला माणूस, जन्मभर तारपा. २०२६ च्या प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येला त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मी मोटेरात होते त्याला तेव्हा एक वर्ष होत होतं. ते मंचावर चढलेच नसते तर दिल्लीला कोण ओळखणार होतं त्यांना?

मामा : धिंडाबाबांचा मला अभिमान आहे. बातमी आली तेव्हा मी पाड्यावर पेढे वाटले. पण माझा उधव्याचा म्हातारा मंचावर चढला नाही, म्हणून तो कमी होता असं मी म्हणणार नाही.

मी : कमी नव्हता. पण मला तो कुठं ऐकायला मिळणार? तू त्याचं एवढं सांगतोस. श्वास कसा धरायचा, चाळा कसा लांबवायचा. माझ्या कानात त्यातलं काहीच नाही. 'यलो' मी जन्मायच्या आधीचं, तरी ते माझ्यापर्यंत आलं, कारण कुणीतरी ते धरून ठेवलं होतं. तुझा म्हातारा आपल्यापासून एका नदीपलीकडे वाजवत होता आणि माझ्यापर्यंत आला नाही.

मामा : तेव्हा कुणाकडे टेप होता?

मी : होता. लग्नात सिनेमाची गाणी लागायची त्याच्यावर. आईनं सांगितलंय. उधव्याच्या बाजारातून कॅसेटी यायच्या. एवढे तुम्ही त्याचे वेडे, रात्र रात्र त्याच्यामागे फिरायचात, एकालाही वाटलं नाही की एक कोरी कॅसेट घेऊन जावं? मोटेरात लाख माणसांनी फोन वर धरले त्याचा तुला राग येतो. त्यातला एक जण जरी तुझ्या म्हाताऱ्यासमोर उभा असता तर आज मी तो ऐकला असता.

मामा : तो एक जण फोन धरून उभा राहिला असता, म्हणजे त्याचा हात रांगेतून सुटला असता.

मी : एकाचा सुटला असता तर चाललं असतं.

मामा : कुणाचा?